लाईन गेली

रात्रीचे दोन वाजून गेले असतील. आईची सलाईन थांबली होती. बाटलीखालच्या नळीत थेंब पडायचा बंद झाला होता आणि मनगटाच्या वर, जिथे सुई टोचली होती, तिथली कातडी फुगून चकाकत होती. मी सिस्टरला बोलावून आणलं. गोंदियाकडची पोर, बोलण्यात तिकडचा हेल. तिने चिकटपट्टीची कड उचलली, बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या दुसरीला म्हणाली, "आजीची लाईन गेली. दुसरी टाका लागते." आई ग्लानीत होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, कपाळ तापलेलं. तिने डोळे न उघडताच अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "लाईन गेली? कंदिलाची काच पुसून ठेवली होती का गं? वात आधी कातर, नाहीतर काजळी धरते."

वॉर्डातल्या ट्यूबलाईट लख्ख जळत होत्या. सिस्टर हसली, मीही हसले, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगासुद्धा हसला. दुसऱ्या हातावर शीर सापडली, नवी सुई बसली, थेंब पुन्हा पडू लागला. पुढे ताप उतरला, आई घरी आली आणि आता पूर्वीसारखी सकाळी उठून जास्वंदीची फुलं तोडते. भाऊ म्हणतो, तापात बरळली. मला ते बरळणं वाटत नाही. नागपुरात "लाईन गेली" हे शब्द कानावर पडले की घरातली बाई जे करत आली, तेच ती करत होती. सिस्टरच्या तोंडी लाईन म्हणजे शिरेत घातलेली नळी, आईच्या कानात लाईन म्हणजे तारेतून येणारी वीज. वाक्य एकच, आणि दोन्हीकडे तंतोतंत बसणारं. त्या रात्रीपासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. जिथे जावं तिथे तो ऐकू येतो आणि दर वेळी वेगळा निघतो.

पुण्या-मुंबईकडे "लाईट गेली" म्हणतात. वर्तमानपत्रात वीजपुरवठा खंडित होतो. आमच्याकडे लाईन जाते आणि लाईन येते. पुण्याची भाची उन्हाळ्यात आली होती, तिला आधी कळेचना की कसली लाईन आणि ती गेली कुठे. मी तिला म्हटलं, अगं, दुपारी बाराच्या उन्हात घरात दिवा कुठे लागलेला असतो? मग जातं ते काय? पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबतो, कूलरच्या पंपाची घरघर बसते, वाळ्याच्या ताट्या थोडा वेळ ओला वास देत राहतात आणि मग त्याही कोरड्या पडतात. उजेड जागचा हलत नाही, मे महिन्यातला, डोळ्यांत खुपणारा. गेलेली असते ती लाईन. आमचा शब्द नेमका आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शेजारच्या घरातला मुलगा चौथीत आहे. त्याने वादळी रात्रीवर निबंध लिहिला, त्यात "एकदम लाईन गेली" असं वाक्य होतं. बाईंनी लाल पेनाने लाईन खोडून वर वीज लिहिलं. बाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. उद्या परीक्षेचे पेपर कुठला परीक्षक तपासेल आणि त्याला हा शब्द कळेल की नाही, याची काळजी त्यांना असणारच. पण वही दाखवायला आला तेव्हा त्या पोराने मला जे विचारलं ते मला झोंबलं. "मग आमची आजी चुकीचं बोलते का?"

नाही. आजी चुकीचं बोलत नाही. पुढचं सगळं खरं तर त्याच्यासाठी लिहिते आहे.

आमचं लहानपण मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. दिवेलागणीच्या आधी आई कंदील घेऊन ओसरीवर बसायची. काचेच्या आत तिचा हात जायचा नाही, माझा बारीक होता, म्हणून ते काम माझ्याकडे. आधी चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घेऊन काच आतून फिरवायची, मग तोंडाची वाफ द्यायची, मग वर्तमानपत्राच्या कागदाने घासायची. कागद काचेवर कुईं कुईं वाजायला लागला की समजायचं, झाली स्वच्छ. रॉकेलचा वास बोटांना इतका चिकटायचा की रात्री वरणभात कालवतानाही तो यायचा. मृगाच्या आधीचं वादळ सुटलं की कडुनिंबाच्या फांद्या तारांना घासायच्या, खांबावर निळसर ठिणगी उडायची आणि अख्खी लाईन काळोखात जायची. इथे लाईन म्हणजे आमच्या क्वार्टरांची रांग, तोही त्याच शब्दाचा अर्थ. मग बाजा बाहेर यायच्या, पत्त्यांचे डाव पडायचे, कुणाची तरी आजी भुताची गोष्ट सांगायची. आणि कधीतरी एकदम सगळी घरं पिवळी व्हायची आणि सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "लाईन आलीऽऽ!" त्या ओरडण्यात जो आनंद होता तो मला दिवाळीतही कधी मिळाला नाही. आईला मात्र त्या रात्रींचं मुळीच कौतुक नाही. "तुम्हाले मजा होती," ती म्हणते, "अंधारात पोळ्या माझ्या करपत होत्या." कोराडीचं वीजकेंद्र १९७४ साली सुरू झालं, हाकेच्या अंतरावर, तरी त्यानंतरही वर्षानुवर्षं आमच्याकडे कंदील खुंटीवरून उतरला नाही. भारनियमनाचे दिवस आले तेव्हा तर वीज जिथे तयार होते तिथल्याच माणसांनी घामात निथळायचं, याचा राग बसस्टॉपपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू यायचा. तो राग खराच होता.

आणि लाईन आणणारा तो लाईनमन. वीज कंपनीने त्याला जनमित्र असं सुंदर नाव दिलं आहे, पण अजून कोणी "जनमित्राला फोन लाव" म्हणताना मी ऐकलेलं नाही. आमच्या भागात एक वयस्क लाईनमन होते. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर, हातमोजे खिशातून बाहेर लोंबणारे. त्यांच्याकडून मला परमिट कळलं. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं. तिकडे लाईन बंद करतात, मग इकडे तारेवर अर्थिंगची साखळी टाकायची, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. काम संपलं की परमिट परत करायचं, आणि ज्याच्या नावावर घेतलं त्यानेच ते परत करायचं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून लाईन चालू होत नाही. "माणूस वर आहे का खाली, हे ज्याचं त्यालेच माहीत राह्यते ना," ते म्हणाले होते. भर पावसात, रात्री, आपण फोनवर फोन लावून विचारत असतो की लाईन कधी येते, तेव्हा कुठेतरी एक माणूस खांबावर असतो आणि त्याच्या नावाचा एक कागद सबस्टेशनच्या टेबलावर पडलेला असतो. हे कळल्यापासून मी फोनवर चिडत नाही. अशा कामात दर पावसाळ्यात माणसं जातात. बातमी चार ओळींची असते, आतल्या पानावर.

बाबांची लाईन वेगळी होती. ते छोट्या लाईनवर होते. अडीच फूट रुंदीच्या नॅरोगेजला इकडे सगळे छोटी लाईन म्हणतात, आणि ब्रॉडगेज म्हणजे मोठी लाईन. मुंबईहून निघालेली मोठी लाईन १८६७ साली नागपूरला पोचली. छोटी नंतर आली, इतवारीहून एक फाटा सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याकडे आणि दुसरा उमरेड, भिवापूरवरून नागभीडकडे. बाबा स्टेशनमास्तर होते, अशा स्टेशनांवर की जिथे फलाटावर शेळ्या बसायच्या. शाळेला सुट्टी लागली की आम्ही त्यांच्याकडे जाऊन राहायचो. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनला फोन करून लाईन क्लिअर मागावं लागायचं. मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम. पलीकडचा मास्तर आपल्या यादीतला एक आकडा सांगायचा, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. बाबा तो आकडा मोठ्याने परत म्हणायचे आणि रजिस्टरात लिहायचे. आकडा लिहिल्याशिवाय गाडीच्या ड्रायव्हरला काही मिळायचं नाही. उन्हाने तापलेल्या त्या खोलीत फोनची चावी फिरवल्याचा आवाज, शाईचा वास आणि बाबांचं ते सावकाश, एकेक अंक तोडून म्हणणं, "दोन. सात." मला अजून ऐकू येतं. आवाजात घाई नसायची. घरी ते बोलताना निम्मी वाक्यं गिळायचे, पण तो आकडा कधी गिळला नाही.

छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. दोन्ही मोठ्या करायच्या म्हणून. व्हायलाच हव्या होत्या. त्या गाडीच्या धक्क्यांनी आणि उशिरांनी लोकांचे किती दिवस खाल्ले असतील. तरी भिवापूरची मिरची घेऊन चढणाऱ्या बाया, त्या मिरचीने अख्ख्या डब्याला आलेला ठसका, वळणावर गाडी एवढी हळू व्हायची की पोरं उतरून चार पावलं चालून परत चढायची, हे सगळं एका सरकारी आदेशाने कागदावरून पुसलं गेलं याचं वाईट वाटतं. बाबा असते तर त्यांना दोन्ही वाटलं असतं. मोतीबागेत आता नॅरोगेजचं संग्रहालय आहे. मी तिथे गेले की इंजिनांपेक्षा जुने टेलिफोन आणि सिग्नलच्या कंदिलांपाशी जास्त वेळ उभी राहते.

लाईन क्लिअर हे शब्द स्टेशनच्या खोलीतून बाहेर पडून गावभर हिंडले. मोठ्या साहेबांनी हो म्हटलं की कारकून म्हणतो, लाईन क्लिअर आहे. तिकीट कापलं गेलेल्या उमेदवाराचा विरोधक म्हणतो, आपली लाईन क्लिअर. कॉलेजच्या वयात हे दोन शब्द मी फार वेगळ्या आवाजात ऐकले. एखाद्या मुलीचं कुठे जमलेलं नाही असं कळलं की चौकातली पोरं ते एकमेकांना सांगायची. लाईन मारणं हा प्रकार आता सिनेमात, गाण्यात गमतीचा झाला आहे, आणि खरंच कधीकधी तो गमतीचा असतोही. कुणीतरी रोज एकाच वळणावर सायकल पुसत उभा राहतो आणि आपल्याला आतून बरं वाटतं, हे मी नाकारणार नाही. पण त्याच शब्दाची दुसरी बाजू होती, "ती लाईन देते." एखादीने चुकून वर पाहिलं, मैत्रिणीच्या बोलण्यावर हसली, की झालं. पाहणारा तो, उभा राहणारा तो, आणि देणारी मात्र ती. आम्ही मुली रस्ता बदलायचो, मान खाली घालून पॅडल मारायचो, लांबचा फेरा घेऊन घरी पोचायचो आणि उशीर का झाला याचं खोटं कारण सांगायचो. या शब्दाच्या सगळ्या अर्थांत हा एकच असा आहे की तो पोरांच्या पुढच्या पिढीत पोचला नाही तर मला आनंद होईल.

शाळेत असताना मला वाटायचं, सिव्हिल लाईन्स म्हणजे जिथे झाडं सरळ ओळीत लावली आहेत ती जागा. झाडं तशी आहेतही. पण लाईन्स हा छावणीतला शब्द. सैनिकांचे तंबू, पुढे त्यांच्या बराकी, ओळीने असायच्या, त्या लाईन्स. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली गेले, दत्तकाचा हक्क नाकारून इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मग मुलकी अधिकाऱ्यांसाठी सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे मोठमोठी आवारं पाडली गेली, त्यांच्या या सिव्हिल लाईन्स. शिपायांची ती पोलीस लाईन, टाकळीला. महाल, इतवारी, गांधीबाग इकडे दाटीवाटीने. तिकडे एकेका बंगल्याला कडुनिंब आणि चिंचांचं रान. त्या काळी आखलेली ती रेघ आजही शहरातून चालताना पायांना कळते. एप्रिलच्या दुपारी मी सिव्हिल लाईन्समध्ये शिरते तेव्हा सावली अंगावर पडताच बरं वाटतं, आणि त्याच वेळी हेही आठवतं की ही सावली आमच्यासाठी लावलेली नव्हती. डिसेंबरात अधिवेशन लागलं की याच रस्त्यांवर गावोगावचे मोर्चे येतात. पगारासाठी, कापसाच्या भावासाठी. तेव्हा मला त्या नावाचं ओझं थोडं हलकं झाल्यासारखं वाटतं.

भावाला सिव्हिल लाईन्स म्हटलं की एकच आठवतं, ३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषक, तिथल्याच मैदानावर, न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्माने ओळीने तिघांचे त्रिफळे उडवले. मग गावस्करने आपलं वनडेतलं एकुलतं एक शतक ठोकलं. "लाईन बघ फक्त," भाऊ अजून हवेत हात फिरवून दाखवतो, "तिन्ही बॉल स्टंपाच्या लाईनमध्ये!"

रांग हा आपला किती छान शब्द आहे. पाट्यांवर तोच असतो, "रांगेत उभे राहा." पण तोंडात लाईन. रॉकेलची लाईन, गॅसची लाईन, टेकडी गणपतीला अंगारकीची लाईन, नवरात्रात कोराडीच्या देवीची. माणूस रांगेत उभा राहतो, पण लाईन तो लावतो, आणि लाईन लावण्यात थोडी खटपट, थोडी हक्काची भाषा आहे. मला विचाराल तर नागपूरची सगळ्यात मोठी लाईन दीक्षाभूमीची. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला लोक येतात, रेल्वेने, ट्रकने, पायी. अस्थिकलशाच्या दर्शनाची लाईन रात्रभर सरकत असते. एकदा मी त्या लाईनीत होते. माझ्यापुढे मराठवाड्यातली एक बाई, पांढरी साडी, कडेवर झोपलेलं नातवंड, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यातून भाकरीचा आणि नव्या पुस्तकांच्या कागदाचा असा दोन्ही वास येत होता. पुस्तकं तिला वाचता येत नव्हती, नातवासाठी घेतली होती. मी म्हटलं, तुम्ही थकलात, पुढच्या लोकांना सांगून तुम्हाला आत सोडवू का? ती म्हणाली, "नको बाई. लाईनीतच जाऊ द्या. आमच्या आज्याला लाईनीत कोण उभं करत होतं?" त्यावर मी काही बोलले नाही, पाण्याची बाटली तेवढी तिच्या हातात दिली. ज्या माणसांना पाणवठ्यावर दूर थांबावं लागलं, त्यांच्यासाठी लाईन म्हणजे बरोबरीने उभं राहायची जागा. हा अर्थ मला त्या दिवसाआधी सुचलाच नव्हता.

मग पोटापाण्याची लाईन. पोरगा कोणत्या लाईनला टाकला, मेडिकल लाईन का इंजिनियरिंग, लाईनीला लागला का, वाईट लाईनला तर गेला नाही ना. दहावीचा निकाल लागला की हे प्रश्न घरोघर फिरतात. मला त्यांचा कंटाळा येतो, म्हणून पुढे जाते.

हा शब्द मूळचा कुठला ते शोधलं तेव्हा आधी विश्वासच बसेना. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या काडीतून निघणारा धागा, तो लिनिया. लिनन तेच, टेलर "लायनिंग टाकू का ताई?" विचारतो ते अस्तरही तेच, कारण पूर्वी अस्तर लिननचं असायचं. ताणून धरलेला धागा सरळ असतो, म्हणून सरळ रेघेला लाईन. आणि जवस तर आमच्या रानातलं! हिवाळ्यात भंडाऱ्याकडे, उमरेडकडे गेलात तर जवसाचं शेत निळंभोर फुललेलं दिसेल, पण सकाळीच जा. पाकळ्या दुपारपर्यंत गळून जातात. आपण ते बियांसाठी लावतो, तेलाला आणि चटणीला. बुटकं, फांद्या फुटलेलं. युरोपात धाग्यासाठी लावतात ते दाट पेरलेलं, उंच, सरळसोट. आईच्या डब्यात जवसाची चटणी बारा महिने असते, कढईत तडतडेपर्यंत भाजलेली, लसूण आणि तिखट घालून खलबत्त्यात कुटलेली. सलाईनचा मात्र लाईनशी काही संबंध नाही, तो मिठाचा शब्द, लॅटिन सालपासून आलेला. कानाला दोन्ही एका घरचे वाटतात एवढंच.

आपल्या भाषेनेही हेच केलेलं आहे. सूत म्हणजे धागा. ते ताणून लाकूड आखणारा सूत्रधार, त्याचा सुतार झाला. बिघडलेल्याला आपण सुतासारखं सरळ करतो. नियमाला सूत्र म्हणतो. दोन भाषा, हजारो मैल दूर, दोघींना धागा ताणल्यावर तीच गोष्ट दिसली. म्हणूनच बहुतेक लाईन आपल्याकडे आली ती परकी वाटली नाही. गेल्या वर्षी मागच्या अंगणात भिंत बांधायला मिस्त्री आले होते. त्यांनी दोन्ही टोकांना खिळे ठोकून पांढरी दोरी ताणली, बोटाने एकदा टणकन वाजवून पाहिली आणि पोऱ्याला म्हणाले, "लाईनदोरी हलू देऊ नको." लाईनदोरी! धाग्याला धागाच बांधलेला, एक लॅटिन आणि एक आपला. कोणी भाषापंडिताने बसून घडवला नाही हा शब्द. विटा रचणाऱ्या हातांनी घडवला, आणि किती पक्का बसला आहे.

शेजारच्या मुलाला मी एक युक्ती सांगितली. निबंधात तू बोलतोस तिथे वीज लिही, परीक्षा आहे ती. पण आजी बोलते तिथे अवतरणचिन्ह घाल आणि आजी म्हणते तेच लिही. त्याने तसं केलं. या वेळी बाईंनी खोडलं नाही, शेजारी बरोबरची खूण केली. मला बाईंचंही बरं वाटलं. तेव्हापासून त्याला नादच लागला आहे. एका वहीत तो लाईन शब्दाची वाक्यं जमवतो. आम्ही कडबी चौकातून मेट्रोने निघालो की त्याचे प्रश्न सुरू होतात. ऑरेंज लाईनमध्ये लाईन म्हणजे रूळ का रस्ता? सीताबर्डीला उतरून ॲक्वा लाईन धरायची, तर धरतो ते काय? गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आपण, मग या सगळ्या मिळून किती लाईनी? मी जमेल तेवढी उत्तरं देते. आई खिडकीशी बसून खालची मोठी लाईन बघत असते आणि मधूनच बाबांच्या वेळचं काहीतरी सांगते. तेही तो लिहून घेतो.

नागपूरची पानं आता भरत आली आहेत. त्याला बल्लारपूर-चंद्रपूरकडची वाक्यं हवी आहेत, कोळशाच्या खाणीत माणसं लाईन कशाला म्हणतात ती. गडचिरोलीची हवी आहेत, मेळघाटातली हवी आहेत. तुमच्याकडे असतील तर द्या. नुसता अर्थ चालणार नाही असं त्याने मला बजावलं आहे. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं आणि तेव्हा काय चाललं होतं, तेही पाहिजे.